वीस मिनिटांचा हिशेब

‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला ही अक्षरं पुन्हा पुन्हा चकवतात. त्यात ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर आलं की बोट तिथंच थांबतं. भूगोलाचं उत्तर डोक्यात तयार असतं, पण प्रश्न वाचून होईपर्यंत शेजारच्या बाकावरचा मुलगा पुरवणी मागत असतो.

म्हणून परीक्षेत सवलती असतात. मुख्य सवलत वाढीव वेळेची, दर तासाला वीस मिनिटं. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. गरजेनुसार लेखनिकही मिळतो. तो प्रश्न वाचून दाखवतो आणि मुलगा सांगेल तेच लिहितो. उत्तर सुचवणं हे त्याचं काम नव्हे. ‘मग हुशार मुलांवर अन्याय नाही का?’ हा स्टाफरूममधला लाडका प्रश्न. पण भूगोलाच्या पेपरात भूगोल तपासायचा असतो, वाचनाचा वेग नव्हे.

‘तारे जमीन पर’ २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला. कायद्याला मात्र २०१६ उजाडलं. त्या वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आली.

तरी कागदांचा घोळ उरलाच. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला. कारण नियमात तो बसत नव्हता. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की लेखनिकासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही.