स्क्रीनला विराम : मनःस्वास्थ्याचा सामूहिक मार्ग

गेल्या दोन दशकांत देशात मोबाईल आणि इंटरनेट यांचा प्रसार झपाट्याने झाला. बँकेचे व्यवहार, शेतमालाचे बाजारभाव, शिष्यवृत्तीचे अर्ज, डॉक्टरांचा सल्ला अशा अनेक सेवा हातातील छोट्या पडद्यावर उपलब्ध झाल्या. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात शाळाही याच पडद्यावर भरली. दुर्गम भागातील कुटुंबांना या साधनाने नव्या संधी दिल्या, हे निर्विवाद आहे. तथापि, काम संपल्यावरही पडदा मिटत नाही, तेव्हा झोप, अभ्यास आणि घरातील संवाद यांवर त्याचा ताण पडू लागतो. त्यामुळे तंत्रज्ञानाचा लाभ कायम ठेवून त्याच्या वापराला नियमित विराम कसा द्यावा, हा आज घराघरांतील प्रश्न झाला आहे.

विराम कशासाठी?

पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते व डोळे कोरडे पडतात. यासाठी दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. रात्री उशिरापर्यंत पडदा समोर असला, तर त्याच्या प्रकाशामुळे झोपेस साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाच्या निर्मितीत अडथळा येतो. शिवाय पाहिलेल्या मजकुराने मन उत्तेजित राहते, ते वेगळेच. अपुऱ्या झोपेमुळे चिडचिड, उदासीनता आणि एकाग्रतेचा अभाव वाढतो.

अधिक वापर म्हणजे आजार, असे मात्र समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग विकार' समाविष्ट आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा त्याला अग्रक्रम देणे आणि दुष्परिणाम दिसूनही तो चालू ठेवणे, ही त्याची लक्षणे आहेत. निदानासाठी ती सामान्यतः बारा महिने दिसावी लागतात. तेथवर पोहोचण्यापूर्वीच विरामाची सवय लागणे हिताचे ठरते.

मोहित्यांचे वडगाव

ही सवय एकट्याने लावून घेणे कठीण असते. पालकांच्या हाती मोबाईल असताना मुलाने तो ठेवावा, ही अपेक्षा फोल ठरते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर सामूहिक उपाय शोधला. टाळेबंदीनंतर शाळा सुरू झाल्या, तरी मुले घरी येताच मोबाईल किंवा दूरचित्रवाणीपुढे बसत. ही बाब लक्षात आल्यावर ग्रामपंचायतीने प्रथम महिलांची सभा घेतली. मालिकांमध्ये आपलाही बराच वेळ जातो, हे महिलांनी मान्य केले आणि निर्णयास बळ मिळाले.

त्यानुसार रोज सायंकाळी ७ वाजता गावातील मंदिरावरील भोंगा वाजू लागला. पुढील दीड तास दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यास आणि मोठ्यांनी वाचन किंवा गप्पा करावयाच्या, असे ठरले. प्रारंभी काहींनी या कल्पनेची थट्टा केली. परंतु शिक्षक, आशा सेविका आणि ग्रामपंचायत कर्मचारी यांनी घरोघरी जाऊन पाठपुरावा केला. वेळ सर्वांसाठी एकच असल्याने कोणत्याही मुलाला आपणच वंचित राहिलो, असे वाटण्याचे कारण उरले नाही. या प्रयोगाचे मर्म येथेच आहे.

उपलब्ध यंत्रणा

केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये जाहीर केलेल्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत ऑनलाईन शिक्षणाला वेळेची मर्यादा सुचविली होती. पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दिवसाला दोनच सत्रे त्यात नमूद होती. बेंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारे 'शट' क्लिनिक सुरू केले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विविध भारतीय भाषांमध्ये चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. मूल खेळापायी शाळा, जेवण वा झोप सोडू लागले, तर रागावून मोबाईल हिसकावण्याऐवजी अशी मदत घेणे योग्य ठरते.

पुढील दिशा

विरामाची वेळ रिकामी राहिली, तर मन पुन्हा पडद्याकडेच वळते. म्हणून मैदान, वाचनालय, भजनी मंडळ, अभ्यासिका यांसारख्या सोयी सायंकाळी खुल्या असणे आवश्यक आहे. शहरांत गृहनिर्माण संस्था, तर गावांत ग्रामसभा यासाठी पुढाकार घेऊ शकतात. घरापुरते पाहिले, तर जेवणाच्या पानावर आणि अंथरुणात मोबाईल नको, एवढा नियमही पुरेसा आरंभ आहे. अट एवढीच, की तो घरातील थोरांनीही पाळावा.