घरकुलाची जागा कोण ठरवते?

यादीत नाव आले, घरकुल मंजूरही झाले, पण घर उभे राहिले नाही. अशी कुटुंबे आपल्या बहुतेक वस्त्यांत सापडतात. कारण विचारले की उत्तर एकच मिळते : जागा नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेत ग्रामीण भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये असे मूळ अनुदान आहे. पण ते बांधकामासाठी आहे. पायाखालची जमीन आपली असल्याचा कागद आधी लागतो.

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावाचा विचार करा. या जिल्ह्यात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. नंदुरबार आणि शहादा तालुक्यांतली अनेक गावेही त्यात येतात. गावातली बरीच खाजगी जमीन आदिवासी खातेदारांच्या नावावर असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि या कायद्यापुढे आपणही बिगर आदिवासीच. कायदा योग्य आहे. तो नसता तर या जिल्ह्यातल्या किती जमिनी सावकारांच्या घशात गेल्या असत्या! पण त्याचा एक परिणाम आपल्यावर होतो. भूमिहीन लाभार्थ्यांना जागा घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना २०१५ पासून आहे, मात्र विकत घेण्याजोगी जमीनच नसेल तर त्या पैशाचा उपयोग काय?

मग उरतात तीन प्रकारच्या जागा : गावठाणातले रिकामे भूखंड, सरकारी पडीक जमीन आणि गायरान. खरा निर्णय इथे होतो, आणि तो ग्रामसभेच्या दिवशी होत नाही, त्याच्या बराच आधी होतो. सरकारी जमिनींची नोंद तलाठी दप्तरात गाव नमुना १-ब मध्ये असते आणि सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची १-ई मध्ये. त्यातून दोन-तीन गट नंबर काढले जातात आणि ग्रामसभेपुढे प्रश्न येतो : ही जागा की ती? जी जागा यादीतच आली नाही तिच्यावर चर्चा होत नाही. आपले कार्यकर्ते ग्रामसभेत तावातावाने बोलतात, पण तोवर नाल्याकाठचा गट आणि स्मशानाजवळचा गट एवढेच पर्याय शिल्लक राहिलेले असतात. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी जमीन आणि ती कामे पाहणारा आयोग मागितला होता. वस्ती कुठे बसवायची हे गावाच्या मर्जीवर सोडायचे नाही, हे त्यामागचे कारण होते.

गायरानाचा मुद्दा नाजूक आहे. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. त्यानंतर १२ जुलै २०११ ला राज्याने शासन निर्णय काढून गायरान इतर कामांना देण्यावर कडक निर्बंध घातले. पण त्याच निकालात एक वाक्य आपल्या कामाचे आहे : भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने पट्टा दिलेला असेल, तर अशा अपवादात्मक प्रकरणांत नियमानुकूल करण्याचा विचार होऊ शकतो. शिवाय ग्रामीण भागातली १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १६ फेब्रुवारी २०१८ चा आहे. म्हणून जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, नमुना ८ चा उतारा फेकू नका. वस्ती गावठाणाच्या हद्दीबाहेर असेल तर ड्रोन मोजणीच्या सनदाही मिळत नाहीत, हे अनेकांना मोजणी झाल्यावर कळते.

गायरान मागताना आम्हाला एक गोष्ट खटकते. त्या जमिनीवर शेळ्या चारणारा भिल्ल, पावरा माणूसही आपल्याइतकाच गरीब आहे. याच जिल्ह्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याची वनजमीन मोकळी केली गेली, तेव्हा तिथे आधीपासून कसणाऱ्या स्थानिक आदिवासींनी विरोध केला. विस्थापितही आदिवासीच होते. जागा वरून ठरली की खालची माणसे एकमेकांसमोर उभी राहतात. शबरी आवास योजनेतल्या आदिवासी कुटुंबांनाही जागेची अडचण येते. मागणी एकत्र करावी. तशीही बहुतेक ग्रामसभांत आपण संख्येने थोडेच असतो. १९५९ मध्ये खानदेश-मराठवाड्यात आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तोही सर्व भूमिहीनांच्या नावाने.

शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात : नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते, त्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठीची आरक्षणे नकाशावर दिसतात आणि ठरलेल्या मुदतीत हरकती घेता येतात. मुदत गेल्यावर फक्त मोर्चा उरतो.

गावासाठी आमचे सांगणे असे आहे. पुढची ग्रामसभा येण्याच्या महिनाभर आधी तलाठ्याकडून १-ब ची आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाण नकाशाची नक्कल घ्या. प्रत्येक गटावर पावसाळ्यात एकदा पाय ठेवा; उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा ऑगस्टमध्ये कशी असते ते तेव्हाच समजते. विहीर किंवा नळ किती अंतरावर आहे, शाळेत जाताना मुलांना ओढा लागतो का, रस्ता कोणाच्या शेतातून जातो, हे लिहून ठेवा. बायकांना विचारा, कारण पाणी त्याच भरतात. मग पसंतीचे दोन गट नंबर अर्जात लिहून ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. विषय अजेंड्यावर आला नाही तर तीच पोच घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे जायचे. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. अनुसूचित क्षेत्रात पेसाचे वेगळे नियम आहेत, ते आधी पाहून घ्या. ठराव झाला की इतिवृत्तात गट नंबर बरोबर उतरला का, हे सही होण्याआधी वाचून घ्यायचे.