शिकवणारे पाद्री

बालाघाटच्या मुलाला जनावरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर तो आज जबलपूरची वाट धरतो. तिथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे. नागपूरचे निघाले १९५८ साली, म्हणजे बालाघाट मध्य प्रदेशात आणि नागपूर मुंबई राज्यात गेल्यानंतर. १९५६ पर्यंत मात्र बालाघाटची राजधानी नागपूरच होती. समुद्र ओलांडून आलेले, एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात खडू असलेले शिक्षक या मुलखात कसे वावरले ते पाहायचे, तर सुरुवात नागपुरापासूनच करावी लागते.

स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हा राज्य भोसल्यांचे होते. बालाघाट नावाचा जिल्हा व्हायला अजून बावीस वर्षे होती. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. मुलांनी ख्रिस्ती व्हावे ही इच्छा त्यांनी कधी लपवली नाही. पण धर्म बदलणारे थोडेच निघाले, शाळा मात्र वाढत गेली. हिस्लॉप स्वतः माळरानावर जीवाश्म वेचत हिंडत, सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहीत, गोंडांकडून त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाची कथा उतरवून घेत. १८६३ मध्ये बोरी नदीत बुडून त्यांचा अंत झाला. गोंडांविषयीचे त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, आणि हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये उभे राहिले.

खुद्द बालाघाट जिल्ह्यात, बैहरला, रेव्हरंड जॉन लॅम्पर्ड होते. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथातले बैगा आदिवासींवरचे प्रकरण मुख्यतः लॅम्पर्ड यांच्याच टिपणावर उभे आहे. सांगायला आलेला माणूस ऐकत बसला, म्हणून ते टिपण झाले. मिशनच्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

शेती आणि गुरे शिकवण्याच्या बाबतीत तर सॅम हिगिनबॉटम यांच्याकडेच पाहावे. १९०३ मध्ये ते अलाहाबादला आले आणि मिशनच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागले. विद्यार्थ्यांना घेऊन ते खेड्यांत जात. तिथली नापीक शेते आणि हडकुळी गुरे पाहून त्यांना कळून चुकले की पुस्तकातले अर्थशास्त्र इथे अपुरे आहे आणि शेतीचे तर आपल्याला काहीच येत नाही. चाळिशीकडे झुकलेला हा प्राध्यापक मग अमेरिकेत, ओहायोच्या विद्यापीठात, शेतीचा विद्यार्थी होऊन बसला आणि पदवी घेऊन परतला. यमुनेपलीकडे नैनीला त्यांची कृषिसंस्था उभी राहिली. तिथे नांगर सुधारले गेले, रेड सिंधी गाईंशी जर्सीचा संकर करून ‘जरसिंद’ हा वाण तयार झाला. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्यांना आपल्या संस्थानाच्या शेतीखात्याचे प्रमुखपद दिले. नांगर हाही सुवार्तेचाच भाग, असे हिगिनबॉटम यांचे म्हणणे होते. मला ते पटते, पण एका अटीवर: नांगर घेणाऱ्याने सुवार्ता नाकारली तरी नांगर त्याच्याकडेच राहिला पाहिजे.

ही अट सगळीकडे पाळली गेली नाही. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा धर्मांतरासाठी वापर होतो, असा ठपका तिने १९५६ च्या अहवालात ठेवला. त्या अहवालावरचा वाद अजून मिटलेला नाही. मिशनच्या माणसांना तो अन्यायाचा वाटला, इतरांना उशिरा झालेला न्याय. वाद बाजूला ठेवला तरी त्यातला प्रश्न खरा आहे. ज्याच्या हातात गुण आहेत, शिष्यवृत्तीची शिफारस आहे, त्याने प्रार्थनेला बोलावले तर विद्यार्थी मोकळेपणाने नाही म्हणू शकतो का? परदेशी जाऊन पशुवैद्यक शिकवणाऱ्या आजच्या श्रद्धावान प्राध्यापकालाही हा प्रश्न चुकत नाही. त्याची बायबलवर्गाची वेळ वेगळी हवी, दार वेगळे हवे, आणि तिथे न येणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर त्याची सावली पडता कामा नये. शिवाय त्याने आधी स्थानिक जनावर शिकून घ्यावे. वर्धा-नागपूरपासून शिवनी-बालाघाटपर्यंतची पांढरी, चपळ गवळाऊ गाय परक्या पुस्तकांतून कळणार नाही. ती गोठ्यात बसून, पाळणाऱ्याला विचारूनच कळते.

दरम्यान सूत्रे इथल्याच माणसांच्या हाती आली. नगरला भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय सुरू केले. श्रद्धावान ख्रिस्ती विद्यार्थ्यांची यूईएसआय ही देशव्यापी संघटना १९५४ मध्ये स्थापन झाली. हिस्लॉप महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळलेले तत्त्वज्ञानाचे अभ्यासक डॉ. डेव्हिड मोझेस १९६१ च्या दिल्ली अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळावर निवडले गेले. वेगवेगळ्या धर्मांतले सत्य एकमेकांशी कोणत्या नात्याने उभे असते, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. वर्गात बहुसंख्य हिंदू मुले समोर असताना त्यांनी तो अनेक वर्षे मांडला.