‘कोरोनाची डिग्री’ म्हणून टोमणा मारता? आधी हे वाचा : सीमेवरच्या पोरांनी दोन राज्यांत दोन तऱ्हेने दिलेली परीक्षा

बोरगाव : नोकरीच्या मुलाखतीत, सोयरीक जुळवताना, कधी नुसतं पानठेल्यावरही एक वाक्य अजून ऐकू येतं. “तू २०२० ची बॅच ना? म्हणजे परीक्षा न देताच पास!” सौंसर-पांढुर्णा भागातली कित्येक पोरं-पोरी हे ऐकून गप्प बसतात. गप्प बसायचं काही कारण नाही. नेमकं काय झालं होतं, ते समजून घेऊ.

घाटाच्या दोन बाजू

बोरगावच्या विद्यार्थ्याला दोन वाटा आहेत. एक सौंसर, पांढुर्णा किंवा सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा. ही कॉलेजं मध्य प्रदेशची. दुसरी वाट सातनूर ओलांडून सावनेर-नागपूरची. म्हणजे एकाच घरातला मोठा भाऊ नागपूर विद्यापीठाचा आणि धाकटी बहीण छिंदवाडा विद्यापीठाची, असं इथे नवलाचं नाही. (पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, तेव्हा आपण छिंदवाडा जिल्ह्यातच होतो.)

२५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला. वर्ग मोबाइलवर आले. पण मोबाइल होते किती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत, ग्रामीण भारतातल्या १०० पैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती. कॉम्प्युटर तर १०० त ४-५ घरांतच. शहरात इंटरनेट ४२ घरांत. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वस्त डेटा आला हे खरं, पण घरात एक फोन आणि शिकणारे तिघे, हे गणित काही सुटलं नाही. त्यात घरची बोली मराठी, छिंदवाड्याचा तास हिंदीत आणि नोट्सची पीडीएफ इंग्रजीत.

परीक्षा रद्द झाली होती का?

इथेच लोकांची गफलत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २९ एप्रिल २०२० ला पहिल्या सूचना काढल्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना, परिस्थिती सुधारली नाही तर, ५० टक्के अंतर्गत मूल्यमापन आणि ५० टक्के मागच्या सत्राचे गुण धरून पुढे ढकलता येईल, असं त्यात होतं.

अंतिम वर्षाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र सरकारने जून २०२० मध्ये अंतिम वर्षाची परीक्षाही नको, असं ठरवलं. ६ जुलैला यूजीसीने सांगितलं, सप्टेंबरअखेरपर्यंत परीक्षा घ्याच. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला : राज्याला तारीख पुढे ढकलण्यासाठी यूजीसीकडे जाता येईल, पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या मुलांना पदवी देता येणार नाही.

म्हणजे २०२० च्या पदवीमागे परीक्षा आहे. ‘न देताच पास’ हे अंतिम वर्षाला लागूच होत नाही.

एक देश, दोन पेपर

परीक्षा झाली, पण तऱ्हा निराळ्या. मध्य प्रदेशात सप्टेंबर २०२० मध्ये ‘ओपन बुक’ पद्धत आली. प्रश्नपत्रिका ऑनलाइन मिळायची. घरी बसून, पुस्तक उघडून, हाताने उत्तरं लिहायची आणि वही ठरलेल्या संकलन केंद्रावर नेऊन द्यायची. इथे अडचण वेळेची नव्हती, वही पोहोचवण्याची होती.

नागपूर विद्यापीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये मोबाइल ॲपवरून पर्यायी प्रश्नांचा पेपर घेतला. तिथे घड्याळ चालू आणि नेट गेलं की जीव टांगणीला. एका घरातली बहीण दिवसभर लिहीत बसली, भाऊ गच्चीवर रेंज शोधत फिरला. कोणाचं सोपं, हे ठरवणं कठीण. म्हणून दोघांच्या टक्क्यांची सरळ तुलना करणं बरोबर नाही.

दुसऱ्या लाटेत तर रस्ताच बंद झाला. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशने महाराष्ट्राशी बसवाहतूक थांबवली. नागपूरला शिकणाऱ्याला मग कागदासाठीही जाणं अवघड झालं.

आज याचा उपयोग काय?

साथ सरली, ऑनलाइन राहिलं. यूजीसीच्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय सरकारी ‘स्वयम्’ पोर्टलवरून करता येतात, अर्थात आपल्या विद्यापीठाने ते मान्य केले असतील तर. पूर्ण ऑनलाइन पदवीही मिळते आणि यूजीसीची मान्यता असेल तर ती नियमित पदवीच्या तोलाची धरली जाते. मात्र फी भरण्याआधी तीन गोष्टी बघा :

१. त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत, चालू सत्रासाठी, आहे का. एजंटच्या पत्रकावर विसंबू नका.

२. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती यांची पदवी ऑनलाइन चालत नाही. कोणी देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

३. परीक्षा केंद्र कुठे आणि भाषा कोणती, हे लेखी विचारा. सीमेवरच्या माणसाला हे दोन प्रश्न सगळ्यात महाग पडतात.

आणि २०२० च्या पोरांनो, पुन्हा कोणी टोमणा मारला तर एवढंच सांगा : परीक्षा दिली हो, फक्त हॉल आमच्या घरचा होता.