आफ्रिकेच्या गवताळ रानांतील सफर

'सफर' हा शब्द मराठींत अरबी-फारशींतून आला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेंत त्याच अरबी शब्दाचें 'सफारी' झालें, आणि तेथें त्याचा अर्थ 'प्रवास' एवढाच आहे. कापडाचा गठ्ठा घेऊन एका गांवाहून दुसऱ्या गांवीं निघालेला व्यापारीही सफारीवरच असतो. पुढें गोऱ्या शिकाऱ्यांनीं तो शब्द उचलला व त्याला बंदुकीच्या दारूचा वास लागला. केनियांत १९७७ सालीं शिकारीवर बंदी आली. तेव्हांपासून तेथें जाणाऱ्या पाहुण्याच्या हातीं दुर्बीण आणि कॅमेरा एवढींच हत्यारें उरलीं आहेत.

हल्लीं मुंबईहून नैरोबी विमानानें सुमारें सहा तासांच्या अंतरावर आलें आहे, आणि पुष्कळ कुटुंबें ह्या सफरीचा बेत करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'कधीं जावें?' हा असतो. वास्तविक तो 'कोणत्या महिन्यांत कोठें जावें?' असा विचारावयास हवा. टांझानियांतील सेरेंगेटी (सुमारें १४,७६३ चौरस किलोमीटर) आणि केनियांतील मसाई मारा (सुमारें १,५१० चौरस किलोमीटर) हीं नकाशावर दोन देशांचीं दोन रानें आहेत. जनावरांना ती सीमा ठाऊक नाहीं. विल्डेबीस्ट नांवाचें, तोंडानें गुरासारखें व शेपटीनें घोड्यासारखें दिसणारें एक हरणांच्या कुळांतील जनावर आहे. अशीं सुमारें तेरा लाख जनावरें, आणि त्यांच्या सोबतीला लाखांनीं मोजावेत असे झेब्रे, वर्षभर ह्या दोन रानांतून फेरा घालीत असतात.

ह्या फेऱ्याचें कारण जमिनींत आहे. सेरेंगेटीच्या दक्षिणेकडील मैदानावर जवळच्या ज्वालामुखींची राख शतकानुशतकें पडत आली. त्या मातींत चुना व स्फुरद भरपूर आहे, परंतु थोड्या खोलीवर दगडासारखा कठीण थर असल्यामुळें मोठें झाड तेथें मूळ धरूं शकत नाहीं. पाऊस पडला कीं तेथें आंखूड पण अत्यंत सकस गवत येतें. विणाऱ्या मादीला व दूधपित्या वासराला हेंच गवत मानवतें, म्हणून जानेवारी ते मार्च ह्या दिवसांत सारे कळप तेथें उतरतात आणि थोड्याच आठवड्यांत लाखों वासरें जन्मास येतात. मे-जूनच्या सुमारास मैदान सुकतें. मग कळप उत्तरेस, बाराही महिने पाणी असणाऱ्या मारा नदीकडे निघतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, मगरींनीं भरलेली ती नदी ओलांडण्याचा प्रकार चालतो.

येथें महाराष्ट्रांतील गृहस्थाची एक अडचण उभी राहते. मुलांच्या शाळेची मोठी सुटी एप्रिल-मे महिन्यांत, आणि तिकडे मार्च ते मे हाच दीर्घ पावसाळा! काळी माती चिकट होते, मोटारी रुततात. दर मात्र उतरलेले असतात, व रान हिरवेंगार असतें. चिखलाची हरकत नसलेल्यानें जरूर जावें. दिवाळीची सुटी ऑक्टोबरांत आली तर नदीवरचा शेवटचा देखावा दिसण्याचा संभव असतो. नोव्हेंबरांत लहान पाऊस सुरू होऊन कळप पुन्हां दक्षिणेस वळलेले असतात. परंतु नदीचा देखावा कोणालाही वेळापत्रकानें मिळत नाहीं. कळप कांठावर तासन् तास उभा राहतो आणि एखाद्या झेब्र्याला कसली शंका आली म्हणजे सगळाच माघारी फिरतो. दोन रात्रींच्या मुक्कामांत हें पाहून येऊं, असें म्हणणारा बहुधा हिरमुसला होतो. चार रात्री असाव्यात. अर्थात् त्याला पैसा पडतो. माराच्या २०२४ सालच्या दरपत्रकांत परदेशी प्रौढास जुलै ते डिसेंबर दररोज दोनशे डॉलर, व वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत शंभर डॉलर, अशी प्रवेशपट्टी होती. निवास व मोटार ह्यांचा खर्च निराळा.

विषुववृत्त जवळ, म्हणजे उकाडा असणार, अशा समजुतीनें लोक मलमलीचे कपडे भरतात व पहाटे उघड्या मोटारींत कुडकुडतात. माराचें रान समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार मीटरांहून उंच आहे. लोकरीचा स्वेटर हवाच. गडद निळा व काळा रंग टाळावा, कारण त्से-त्से माशी त्याकडे ओढली जाते. लहान विमानानें रानांत उतरावयाचें असल्यास सामान बहुधा पंधरा किलोंच्या आंत, तेंही मऊ पिशवींत लागतें. शाकाहारी माणसानें फारशी काळजी करूं नये. हिंदी लोकांच्या जुन्या वस्तीमुळें 'चपाती' हा शब्द स्वाहिली भाषेनें केव्हांच आपलासा केला आहे.

मोटारवाल्याशीं मात्र पहिल्याच दिवशीं स्पष्ट बोलून घ्यावें. चित्ता हा बिबळ्याप्रमाणें रात्रींचा शिकारी नव्हे. सिंह व तरस शिकार हिसकावतात म्हणून तो दिवसाउजेडीं शिकार करतो, आणि तीच वेळ पाहुण्यांची असते. भोंवतीं मोटारींचें कडें पडलें कीं भक्ष्य पळतें, आई उपाशी राहते, पिलें मरतात. माराच्या परिसरांतील पाहणीचा एक निबंध २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत, पाहुण्यांची गर्दी फार असलेल्या भागांत एका वेतामागें सरासरी ०.२ पिल्लू मोठें होतें व गर्दी थोडी असलेल्या भागांत २.३, असें आढळलें. माराच्या नियमांप्रमाणें एका जनावराजवळ पांचांहून अधिक मोटारी नसाव्यात आणि अंतर पंचवीस मीटरांचें असावें. पण बक्षिसीच्या आशेनें मोटारवाला पुढें घुसतो, आणि बक्षिसी देणारा तर मागच्या बाकावरच बसलेला असतो! 'जवळ नेऊं नका, तरी बक्षीस मिळेल,' असें त्याला आरंभींच सांगितलेलें बरें. खर्चाची ताकद असल्यास माराच्या लगतच्या, मसाई कुटुंबांनीं भाड्यानें दिलेल्या राखीव भूमींत उतरावें. तेथें मोटारी मोजक्या असतात व भाडें मसाई जमीनमालकांच्या घरीं जातें.

राहिली पीतज्वराची लस. ती अधिकृत केंद्रांतच, निघण्यापूर्वीं निदान दहा दिवस टोंचून घ्यावी. २०१६ सालापासून तिचें प्रमाणपत्र जन्मभर चालतें. साठी उलटलेल्यांनीं व अंडें न मानवणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नऊ महिन्यांखालील मुलास ती देत नाहींत. भारतांत हा रोग नाहीं, पण तो पसरविणारा एडिस डास मुबलक आहे, म्हणून आपलें सरकार ह्या बाबतींत कडक आहे. केनियाहून परतलेल्या माणसाजवळ प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतां येतें. ती पुस्तिका मोठ्या पेटींत न टाकतां पासपोर्टाबरोबर हातपिशवींत ठेवावी.