शेवटच्या एसटीच्या आधी

पहिल्या वर्षाच्या वर्गात कोण कुणाशेजारी बसतं, ते पुष्कळदा गाडीवर ठरतं. कसारा, खर्डी, आटगावची मुलं लोकलने आसनगावला उतरून शेअर रिक्षाने येतात, ती एकत्र. डोळखांब-किन्हवलीची एसटीवाली वेगळी. आश्रमशाळेतून बारावी झालेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या ठाकर-कातकरी मुली शेवटच्या बाकांवर एकमेकींना धरून. मी या भागातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. हे गट वाईट आहेत असं मला मुळीच वाटत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पोरीला तेवढाच आधार असतो.

गट पडायला फार मोठं कारण लागतही नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना सांगितलं, की तुमच्यातल्या काहींना क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, काहींना कँडिन्स्कीची. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं, तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्याच गटाला झुकतं माप दिलं. ताजफेल पोलंडचे ज्यू. त्यांचं जवळजवळ सगळं कुटुंब नाझींनी संपवलं होतं. हा प्रश्न त्यांना का सोडत नसेल, ते सांगायला नको.

आमच्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. गॅदरिंगची तालीम, वादविवाद मंडळ, क्रिकेट हे सगळं तास सुटल्यावर. तेव्हा लांबच्या गावची मुलं एसटीच्या रांगेत असतात. म्हणजे कॉलेज आपलं वाटायला लागतं ते नेमके तास त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. मग ‘ही मुलं भाग घेत नाहीत’ असा शेरा स्टाफरूममध्ये ऐकला की मला राग येतो.

वॉल्टन आणि कोहेन या अमेरिकी संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आपण इथले नाही’ असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि पुढे ते ओसरतं, हे वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव त्यांनी नव्या विद्यार्थ्यांना तासाभरात वाचायला दिले. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. त्याच धर्तीवर आम्ही तृतीय वर्षाच्या एका ठाकर मुलीला पहिल्या वर्षाच्या वर्गात बोलायला उभं केलं. ती घरच्या बोलीतच बोलली. सुरुवातीला दोघं-तिघं हसले. तिने थांबून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे बोलत राहिली. तास संपल्यावर मागच्या बाकांवरच्या मुली तिच्याभोवती जमल्या.

सगळ्यात जास्त बदल एनएसएसच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात दिसतो. वनराई बंधाऱ्यासाठी वाळूची पोती हातोहात देताना लोकलवाले, एसटीवाले एकाच रांगेत उभे असतात, आणि संध्याकाळी कुणाला गाडी गाठायची नसते. पण मुलींना घरून परवानगी मिळत नाही. म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघी-तिघी शिक्षिका पाड्यांवर जातो, आईबापांशी बोलतो. आणि गॅदरिंगची तालीम आता दुपारच्या सुट्टीत व्हावी, यासाठी मी प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे.