सुरुंगांच्या वाटेवरचा नांगर

अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली ज्या निमित्ताने उभी राहिली, त्याचा युद्धाशी सुतराम संबंध नव्हता. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या, त्यांच्या प्रवाहामुळे तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतील सुया विचलित होतील ही धास्ती शास्त्रज्ञांना होती, आणि म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची रोजची नोंद ठेवण्याचे काम बंदरापलीकडच्या या निवांत गावी हलविण्याची तजवीज झाली. इथली बांधणी करताना लोखंड कटाक्षाने टाळले गेले, कारण लोखंडाचा मोठा ऐवज जवळ आला की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किंचित ढळते. वेधशाळेच्या दफ्तरात जो केवळ उपद्रव, तोच पुढे शस्त्रकारांच्या पथ्यावर पडला. चुंबकीय खटका बसविलेला सुरुंग रणगाड्याचा भार अंगावर पडण्याची वाट पाहत नाही. एवढे पोलाद माथ्यावरून सरकले, क्षेत्र ढळले, की तो थेट गाडीच्या पोटाखाली उडतो, जिथे तिचे चिलखत सर्वांत पातळ असते.

अशा सुरुंगांतून फौजेसाठी वाट काढणारी जी चिलखती वाहने आहेत, त्यांचे मुख्य प्रकार तीनच. पहिला जड रुळांचा: रणगाड्यापुढे पोलादी चाके ढकलत न्यायची आणि दाबाचा सुरुंग त्यांच्याखाली फोडायचा. दुसरा नांगराचा, ज्याचे दाते जमिनीत शिरून सुरुंग उकरतात आणि बाजूला लोटतात. काही नांगरांना विद्युतचुंबकाची जोड असते, ती चुंबकीय खटक्याला हूल देऊन त्याला गाडीच्या पुढेच फुटायला लावते. आपल्याकडच्या जांभ्याच्या कातळावर मात्र हा नांगर हतबल होईल. त्याला वाळू हवी, भुसभुशीत माती हवी.

तिसरा प्रकार झोडणीचा, आणि मला तो सर्वांत विलक्षण वाटतो. गाडीपुढे दोन बाहूंवर आडवा लाट बसवलेला, त्याला साखळ्या जडवलेल्या. लाट फिरू लागला की साखळ्यांची टोके, खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडाव्यात तशी, जमिनीला झोडपत जातात आणि सुरुंग त्या माराने फुटतो. दक्षिण आफ्रिकेचा अधिकारी अब्राहम दु टॉय याच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना १९४२च्या ऑक्टोबरात एल अलामेनच्या वाळवंटात माटिल्डा रणगाड्यांवर बसून प्रथम लढाईत उतरली, आणि दोनच वर्षांत ‘शर्मन क्रॅब’ या नावाने, ४३ साखळ्या घेऊन, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहोचली. झोडणी चालू असताना त्याचा वेग ताशी जेमतेम दोन किलोमीटर, समोर धुळीचा पडदा, आणि स्वतःची तोफ त्या वेळी निरुपयोगी. संरक्षण इतरांनी करायचे, याने फक्त झोडपायचे.

यंत्र हाताशी नव्हते तिथे हे काम माणसाचे होते, आणि त्या इतिहासातील दोन ठळक पाने आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांची, आहेत. १९४१च्या फेब्रुवारीत, अ‍ॅबिसिनियातले मेतेम्मा पडल्यावर इटालियन फौजेचा पाठलाग चालू असताना, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सर्वांत पुढच्या कॅरियर गाडीत बसून चार दिवसांत ५५ मैलांचा रस्ता तपासला आणि १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी करविली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, सोबतचे जखमी झाले वा दगावले, त्यांच्या स्वतःच्या कानाचा पडदा फाटला, तरी बदली माणूस घेण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅरियरचे पातळ चिलखत बंदुकीची गोळी अडवी, सुरुंग नव्हे.

दुसरे पान आपल्याच किनारपट्टीवरच्या माणसाचे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे ८ एप्रिल १९४८ रोजी नौशेरा-राजौरी रस्त्यावर ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी घेऊन उतरले तेव्हा तोफमाऱ्यात दोन सॅपर ठार झाले आणि राणे धरून पाच जखमी. पुढचे तीन दिवस सुरुंग, तोडून आडवे टाकलेले वृक्ष आणि वरच्या टेकड्यांवरून येणारा मारा यांतून त्यांनी सेंट्रल इंडिया हॉर्सच्या स्टुअर्ट रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांची एक हकीकत सॅपर्समध्ये अजून सांगितली जाते: चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली रांगत ते पुढे सरकत, आणि हातात दोन दोऱ्या, ज्यांची दुसरी टोके चालकाकडे, एका दोरीला ओढ दिली की थांबायचे, दुसरीला दिली की पुढे. जो रणगाडा सुरुंगापासून वाचवायचा, त्याच्याच चिलखताचा हा आडोसा. १२ एप्रिलला राजौरी हाती आली, आणि राणे यांना परमवीरचक्र मिळाले.

राणे ज्या कामासाठी पोटाखाली रांगले, ते काम पोलादाकडून करून घेण्याची विद्या पुण्याजवळच्या दिघीला जोपासली गेली. तिथल्या संशोधन व विकास आस्थापनेने पूल बांधणाऱ्या वाहनांबरोबर सुरुंग-नांगरांवरही काम केले. २०२० च्या जुलैत संरक्षण खात्याने टी-९० रणगाड्यांसाठी १,५१२ नांगरांचा सुमारे ५५७ कोटी रुपयांचा करार बीईएमएल कंपनीशी केला. म्हणजे हा नांगर आता काही खास गाड्यांचा अलंकार न राहता साध्या रणगाड्याच्या तोंडालाही लागणार आहे.

चिलखत मिळाले म्हणून जोखीम संपली असे समजणे मात्र भोळेपणाचे ठरेल. २०२३ च्या जूनमध्ये युक्रेनच्या दक्षिण आघाडीवर, माला तोक्माच्का गावाजवळ, फिनलंडने दिलेली ‘लेपर्ड २ आर’ ही सुरुंगभेदी वाहने पुढे घालून केलेली चढाई सुरुंग, तोफा आणि हेलिकॉप्टरांपुढे अडकली आणि त्यांतील अनेक वाहने तिथेच गमावली गेली. कारण उघड आहे: वाट काढणारे वाहन संथ असते, ठराविक रेषेत जाते, आणि त्याच्या मागची सारी रांग त्याच्यावर अवलंबून असते, म्हणून शत्रूचा पहिला गोळा त्यालाच. नांगराने काढलेली वाट दोऱ्या-झेंड्यांनी आखण्याचे काम मागून येणाऱ्या सॅपरकडेच राहते.

शिवाय ही यंत्रे वाट मोकळी करतात, जमीन नव्हे, हा भेद वृत्तपत्रांच्या बातम्यांत नेहमी हरवतो. सैन्याला रणगाड्याच्या रुंदीची फट पुरते; शेतकऱ्याला बांधापासून बांधापर्यंत सारे शेत हवे असते. २००१-०२ च्या पराक्रम मोहिमेत, म्हणजे पाकिस्तान सीमेवरच्या लष्करी जमवाजमवीत, पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेवरच्या शेतांत सुरुंग पेरले गेले, आणि ते पुढे परत उचलताना आपल्या जवानांचे प्राण गेले. नांगर तर सहसा सुरुंग फोडतही नाही, फक्त कडेला लोटतो. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या मातीच्या वरंब्यांत ते जिवंतच राहतात, आणि फौज पुढे निघून गेल्यावर ते उचलण्याचा हुकूम पुन्हा एखाद्या सॅपर कंपनीच्याच नावे सुटतो.